पूर्व आफ्रिकेत गुगल ट्रान्सलेट: टांझानियात भरवशाचं, पुढे जपून

दार-एस-सलाम, नैरोबी किंवा कंपालाला नोकरी-धंद्यासाठी निघालेल्यांनी हे अ‍ॅप फोनवर ठेवावंच. फक्त सगळीकडे स्वाहिली निवडून मोकळं होऊ नये.

अ‍ॅपची स्वाहिली ही प्रमाण स्वाहिली. जर्मनांनी टांगानिकाचा (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागाचा) खालचा कारभार याच भाषेत चालवला. पुढे १९३० मध्ये इंग्रजांनी भाषा समिती नेमली आणि झांझिबारची किउंगुजा बोली प्रमाण धरली. शाळा, वर्तमानपत्रं, छापील मजकूर सगळं त्याच वळणाचं. त्यामुळे टांझानियात पाट्या, अर्ज, नोटिसा कॅमेऱ्याने वाचायला अ‍ॅप फार चांगलं आहे. पाचपैकी साडेचार गुण बिनदिक्कत द्यावेत. निघण्याआधी घरच्या वायफायवर स्वाहिलीचा ऑफलाइन संच उतरवून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती वेळ. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. 'साआ तातू असुबुही' म्हणजे सकाळचे नऊ, पण अ‍ॅप शब्दशः 'तीन' सांगू शकतं. समोरच्याने स्वाहिलीत सांगितलेल्या तासात सहा मिळवा, बारावर गेलं तर बारा वजा करा. भेट ठरवताना ९:०० असे आकडे लिहून दाखवलेले बरे.

मराठीतून थेट भाषांतर करताना 'तुम्ही' घोटाळा करतं. चौघांना 'तुम्ही कुठे राहता' विचारायचं असलं तरी एकाला विचारल्यासारखं 'उनाइशी वापी' येऊ शकतं. हवं असतं 'म्नाइशी वापी'. 'तुम्ही सगळे' असं लिहा. उलट दिशेने, स्वाहिली क्रियापदात 'तो' आणि 'ती' एकच असल्यामुळे मराठीत डॉक्टर बाईंचा 'तो' होतो. करार किंवा औषधाच्या सूचना इंग्रजीतूनच तपासून घ्या.

केनियात स्वाहिली आणि इंग्रजी दोन्ही राजभाषा आहेत, कार्यालयात अडत नाही. अडतं ते मटाटूत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमध्ये. तिथे चालते शेंग, म्हणजे नैरोबीची सरमिसळ बोली. कंडक्टर 'म्बाओ' म्हणतो ते वीस शिलिंग. प्रमाण स्वाहिलीत त्याचा अर्थ लाकडाची फळी, आणि अ‍ॅप तोच देणार. बोली संभाषणासाठी तीनच गुण.

युगांडात स्वाहिली कागदोपत्री दुसरी राजभाषा असली, तरी अनेकांच्या मनात ती लष्कर-पोलिसांची भाषा आहे. कंपालाच्या बाजारात लुगांडा निवडा. २०२२ पासून ती अ‍ॅपमध्ये आहे, मात्र वाक्यं आखूड ठेवा. रवांडात किन्यारवांडा घ्या, कारण घरोघरी तीच बोलतात; इंग्रजी, फ्रेंच, स्वाहिली राजभाषा असूनही त्यांचा नंबर नंतर. काँगोत अर्ज-परवान्यांना फ्रेंच लागते. किन्शासात बोलायला लिंगाला, पूर्वेकडे स्वाहिली. पण तिथली स्वाहिली किनारपट्टीपेक्षा इतकी निराळी की व्हॉइस टायपिंगवर विसंबू नका, समोरच्याला फोन देऊन लिहायला सांगा.