करारावरचा 'फुकट' फोन: सही करण्याआधी हे वाचा

"फोनसाठी काहीच द्यायचं नाही, फक्त महिन्याचं बिल भरत राहायचं." करारावर, म्हणजे मोबाइल कंपनीच्या ठरावीक मुदतीच्या सेवेसोबत, फोन विकताना हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि बहुतेक वेळा फसवणुकीची सुरुवात इथूनच होते. फोन खरा असतो, कंपनी खरी असते, करारही कायद्याला धरून असतो. ग्राहक फसतो तो तोंडी सांगितलेलं आणि कागदावर सही झालेलं यांतल्या फरकात. म्हणूनच पुढे तक्रार करायला गेलं की "तुमची सही आहे" एवढं एकच उत्तर मिळतं. फरक कुठे कुठे लपलेला असतो हे आधी माहीत असेल, तर बरंचसं नुकसान टळतं.

सगळ्यात मोठा फरक पैशांचा. करारात हँडसेट आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी एकाच मासिक आकड्यात बांधलेल्या असतात. तो आकडा फोडल्याशिवाय फोन कितीला पडतोय हे कळत नाही. समजा, फोनची रोख किंमत १०० आहे. तेवढाच डेटा आणि कॉल नुसत्या सिमवर घेतले तर महिन्याला २ लागतात. करारावर फोनसह बिल ७, मुदत २४ महिने आणि सही करताना 'नाममात्र' ६ आगाऊ. ७ मधून २ वजा केले की ५ हा फोनचा खरा हप्ता. २४ हप्त्यांचे १२० आणि आगाऊ ६, म्हणजे १०० चा फोन १२६ ला पडला.

हे दाखवून दिलं की समोरून उत्तर येतं, "दोन वर्षांत २६ जास्त, म्हणजे वर्षाला तेराच टक्के." हा हिशेब चुकीचा आहे आणि त्यात पुष्कळ लोक अडकतात. आगाऊ ६ दिल्यावर उधारी ९४ राहते आणि ती दर महिन्याला फिटत जाते. वर्षभरात ती जवळजवळ निम्म्यावर येते, पण हप्ता मात्र शेवटपर्यंत ५ च राहतो. फिटत जाणाऱ्या उधारीवर मोजला तर या उदाहरणातला व्याजदर वर्षाला सुमारे पंचवीस टक्के येतो. कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये 'रेट' (RATE) या सूत्रात हप्त्यांची संख्या २४, हप्ता उणे ५ आणि मुद्दल ९४ भरा आणि येणारा मासिक दर १२ ने गुणा. आपल्या करारातले आकडे घालून हे करायला पाच मिनिटं लागतात. ती दुकानात जाण्याआधी काढा, कारण काउंटरवर हिशेब करायला उसंत मिळत नाही.

या हिशेबासाठी एक प्रश्न न चुकता विचारा: "पहिल्या दिवसापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत मी एकूण किती भरणार, आणि त्यातले फोनचे किती?" उत्तर कागदावर किंवा मेसेजमध्ये मागा. तोंडी आकडा सांगायला तयार असलेला विक्रेता लिहून द्यायला टाळाटाळ करू लागला, तर करार तिथेच सोडून द्यावा. जपानने २०१९ च्या ऑक्टोबरपासून फोनची किंमत आणि सेवेचं शुल्क कंपन्यांना वेगळं करायला लावलं. जिथे असा नियम नाही, तिथे हे काम ग्राहकालाच करावं लागतं.

मुदत संपल्यानंतरचं नुकसान तर कित्येकांच्या लक्षातच येत नाही. चोविसाव्या महिन्यात फोन फिटला, पण पंचविसाव्या महिन्यातही बिल ७ च येतं. कंपनी आपणहून ते २ वर आणेलच असं नाही. सहा महिने असेच गेले तर ३० जास्त गेले, म्हणजे आपल्या मालकीच्या फोनसाठी त्याच्या किमतीचा जवळपास तिसरा हिस्सा पुन्हा भरला. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी २०२० पासून मुदत संपत आल्याची सूचना ग्राहकाला देणं कंपन्यांना बंधनकारक झालं ते याच त्रासामुळे. तरीही सूचनेच्या भरवशावर राहू नका. सही केली त्याच दिवशी मुदत संपण्याच्या एक महिना आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा आणि त्या दिवशी 'नुसत्या सिमवर टाका' असं लेखी कळवा.

काही कंपन्या सूट वेगळ्या पद्धतीने देतात. फोनचा हप्ता पूर्ण आकारायचा आणि दर महिन्याच्या बिलात तेवढीच रक्कम जमा दाखवायची. जाहिरातीत हाच फोन 'शून्य' होतो. मुदत २४ किंवा ३६ महिन्यांची असते आणि मध्येच कंपनी सोडली, किंवा नुसता प्लॅन खालचा घेतला, तरी उरलेली जमा बंद होते आणि फोनचे राहिलेले हप्ते एकदम अंगावर येतात. सूट मिळालीच नव्हती, ती महिन्यामहिन्याने मिळणार होती, हे तेव्हा समजतं. अशा करारात सोडण्याचा दंड 'शून्य' लिहिलेला असू शकतो आणि ते खरंही असतं, कारण दंडाचं काम उरलेले हप्तेच करतात. म्हणून 'दंड किती?' असं न विचारता 'दहाव्या महिन्यात सोडलं तर एकूण किती भरावं लागेल?' असं विचारा.

जुना फोन देऊन नवा घेताना हीच पद्धत आणखी एका वळणाने येते. काउंटरवर सांगितलेली किंमत 'तपासणीनंतर' कमी होते, आणि तोपर्यंत जुना फोन तुमच्या हातात नसतो. फोन देण्याआधी चालू स्थितीतला व्हिडिओ काढा: स्क्रीन, मागची बाजू, चारही कडा, कॅमेऱ्याच्या काचा आणि स्क्रीनवर दिसणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. गूगल किंवा ॲपलचं खातं काढून टाका, हरवलेला आयफोन शोधणारं 'फाइंड माय' बंद करा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. खातं काढायचं राहिलं तर फोन लॉकच राहतो आणि किंमत नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. तपासणीत किंमत उतरली तर फोन परत मिळणार का आणि नव्या फोनचा करार रद्द होणार का, याचं उत्तर पावतीवर असायला हवं.

दरवाढीचं कलम बहुधा छोट्या अक्षरात असतं. कित्येक करारांत 'महागाईचा दर अधिक इतके टक्के' अशी वार्षिक वाढ लिहिलेली असते, आणि महागाई पुढच्या वर्षी किती असेल हे सही करणाऱ्याला माहीत असणं शक्यच नसतं. ब्रिटनच्या ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत अशी वाढ बंद केली. वाढवायचंच असेल तर नेमकी रक्कम आधी सांगावी लागते. इतरत्र हे कलम शोधायचं, आणि वाढ फक्त सेवेवर लागणार की फोनच्या हप्त्यावरही, हे स्पष्ट करून घ्यायचं. ठरलेल्या किमतीच्या वस्तूचा हप्ता महागाईने वाढावा याला काहीच आधार नाही.

आता खुद्द फोनकडे. नाव तेच आणि आतला फोन वेगळा, हा प्रकार सर्रास चालतो. एकाच नावाखाली ४जी आणि ५जी अशा दोन आवृत्त्या असतात, प्रोसेसर वेगळे असतात, साठवण १२८ किंवा २५६ जीबी असते. जाहिरात मोठ्या आवृत्तीची आणि करारात लहान. रॅमच्या बाबतीत '१२ जीबी' म्हणून ८ अधिक ४ सांगतात. त्यातले ४ म्हणजे साठवणीतली जागा उसनी घेतलेली असते, आणि ती खऱ्या रॅमपेक्षा खूप हळू चालते. करारावर नुसतं नाव पुरत नाही. पूर्ण मॉडेल नंबर, साठवण आणि खरी रॅम लिहून घ्या.

मॉडेल बाजारात कधी आलं हेही पाहायचं, कारण करारावर जुना साठा खपवला जातो. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हे कंपनी जाहीर करते आणि तो काळ बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजला जातो, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. चार वर्षांचे अपडेट असलेला, दोन वर्षं जुना फोन ३६ महिन्यांच्या करारावर घेतला, तर शेवटचं वर्ष तुम्ही असुरक्षित फोनचे हप्ते भरत असता. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्याने येणाऱ्या स्मार्टफोनसाठी कडक अट घातली: त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता. तिथे विक्री होत नसेल तरी मॉडेलची तुलना करायला हे माप चांगलं आहे.

खोका समोर उघडा. *#०६# डायल करा, १५ अंकी आयएमईआय दिसेल. दोन सिमच्या फोनला दोन असतात. स्क्रीनवर, खोक्यावर आणि करारावर तेच आकडे हवेत. एक अंकही वेगळा असेल तर फोन घेऊ नका, कारण पुढे वॉरंटी नाकारायला तेवढं पुरतं. नंतर सेटिंग्जमध्ये नेटवर्क लॉक, म्हणजे एकाच कंपनीचं सिम चालेल असं बंधन, आहे का ते तपासा. आयफोनमध्ये 'जनरल' आणि मग 'अबाउट' मध्ये 'कॅरियर लॉक' समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं पाहिजे. इतर फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं चालू सिम घालून पाहणं हा सरळ मार्ग. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला मनाई आहे. बाकी ठिकाणी लॉक कधी आणि कसा निघेल हे लिहून घ्यावं लागतं. हप्त्यांवरच्या काही फोनमध्ये आणखी एक ॲप असतं, जे हप्ता चुकला की अख्खा फोन बंद करतं. ते असणं बेकायदा असेलच असं नाही, पण शेवटचा हप्ता फेडल्यावर ते काढून मिळेल हे लेखी हवं.

सहीच्या वेळी विशेष जपा. हल्ली सही टॅबलेटवर घेतात. स्क्रीन विक्रेत्याच्या हातात, बोट तुमचं. एकदा केलेली सही चार-चार कागदांवर लागू शकते: करार, विमा, जाहिरातीसाठी संमती, आणि कधी कधी 'भेट' म्हणून दिलेल्या घड्याळाचा किंवा टॅबचा दुसरा करार. ही भेट स्वतंत्र डेटा जोडणीसह येते, तिचं मासिक बिल वेगळं आणि मुदतही वेगळी. फोनचा करार संपला तरी तिचा चालूच राहतो. विम्याचा 'पहिला महिना मोफत' असतो आणि पुढे तो आपोआप बिलात येत राहतो. सही करण्याआधी "किती कागदांवर सही होतेय आणि किती जोडण्या माझ्या नावावर येतायत?" असं विचारा, टॅबलेट हातात घ्या, प्रत्येक आधीच केलेली खूण पाहा, आणि कागदपत्रं ईमेलवर आल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आणखी एक प्रकार आहे आणि तो सरळसरळ गुन्हा आहे. "तुमच्या कंपनीतून बोलतोय, जुने ग्राहक म्हणून नवा करार अर्ध्या दरात" असा फोन येतो. बोलता बोलता 'ओळख पटवण्यासाठी' ओटीपी मागतात. तो ओटीपी तुमच्या खात्यात शिरण्यासाठीचा असतो, आणि तो समोरच्याने त्याच क्षणी मागवलेला असतो. खात्यातून एक महागडा फोन पूर्ण दराच्या करारावर मागवला जातो आणि खरोखर तुमच्याच पत्त्यावर येतो. लगेच दुसरा कॉल: "चुकीचं मॉडेल आलं, माफ करा. आमचा माणूस घेऊन जाईल," किंवा "या पत्त्यावर परत पाठवा." तो पत्ता कंपनीचा नसतो. फोन गेला, करार तुमच्या नावावर राहिला. हे इतकं पटतं, कारण मधला भाग खरा असतो: कंपनी खरी, कुरियर खरं, खोकाही खरा.

न मागवलेला फोन आला तर तो कोणालाही देऊ नका. खोका न उघडता बाहेरचा आयएमईआय टिपून ठेवा, बिलावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः कॉल करा आणि कंपनीने तुमच्या खात्यात दिलेल्या परतीच्या लेबलनेच तो परत पाठवा. आलेल्या कॉलवरच "आता लगेच बोला" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. खात्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. तसंच, "तुमच्या नावावर करार घ्या, फोन आम्हाला द्या, हप्ते आम्ही भरू" असं सांगून हातावर थोडी रक्कम टेकवणाऱ्यांपासून तरुण मुलांना विशेष सांभाळा. हप्ते कोणी भरत नाही, थकबाकी आणि बिघडलेला क्रेडिट इतिहास मात्र वर्षानुवर्षं त्या मुलांच्या नावावर राहतो.

फसवणूक लक्षात आली की आधी तारीख पाहा. ऑनलाइन किंवा फोनवरून केलेला करार विनाकारण रद्द करण्याची मुदत कित्येक देशांत असते, युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ती १४ दिवसांची आहे. दुकानात समोरासमोर केलेल्या करारांना ती बहुधा लागू होत नाही, आणि "दुकानात या, तिथेच पूर्ण करू" असा आग्रह होत असेल तर हे लक्षात ठेवा. मुदत चालू असेल तर फोन वापरणं थांबवा, खोका आणि सामान जपून ठेवा आणि रद्द करत असल्याचं ईमेलवर कळवा.

मुदत गेली असेल तर रागाने हप्ते थांबवू नका. थकबाकी नोंदली जाते, नंबर बंद होतो, फोनचा आयएमईआय ब्लॅकलिस्टमध्ये जाऊ शकतो, आणि मूळ तक्रार बाजूला पडून तुम्हीच थकबाकीदार ठरता. 'ही रक्कम मान्य नसताना भरत आहे' असं लेखी कळवून भरा. तक्रारीत करार क्रमांक, तारीख, काय सांगितलं गेलं, कागदावर काय निघालं आणि नेमकं काय हवं आहे, एवढंच लिहा. करार फोनवरून झाला असेल तर त्या कॉलचं रेकॉर्डिंग मागा. कंपनीकडून तक्रार क्रमांक मिळवा आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तोच क्रमांक आणि सगळा पत्रव्यवहार जोडून तुमच्या देशात अशा तक्रारी घेणाऱ्या दूरसंचार तक्रार यंत्रणेकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जा. ओटीपीची फसवणूक असेल तर त्याच दिवशी पोलिसांतही नोंद करा, कारण 'हा करार मी केला नाही' हे पुढे सिद्ध करताना त्या नोंदीची तारीखच सगळ्यात आधी विचारली जाते.