शार्प ऑब्जेक्ट्स दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नव्हती, कूलर फुल स्पीडवर, आणि मी तीन दिवसांत आठही भाग संपवले. मग आठवडाभरानं परत पहिल्यापासून लावली. पहिल्यांदा पाहताना आपण फक्त खुनी कोण एवढंच शोधत बसतो, आणि दुसऱ्यांदा कळतं की हे लोक तर पहिल्या भागापासून आपल्याला उत्तर दाखवूनच राहिले होते, आपलंच लक्ष नव्हतं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. 2018 ची एचबीओची सिरीज, गिलियन फ्लिनच्या 2006 मधल्या पहिल्या कादंबरीवरून केलेली, आठही भागांचा दिग्दर्शक एकच, जाँ-मार्क व्हॅले. कॅमिल ही सेंट लुईसच्या एका पेपरची रिपोर्टर, म्हणजे एमी ॲडम्स. संपादक तिला तिच्याच गावी पाठवतो, मिसुरीतलं विंड गॅप. तिथं एका मुलीचा खून झालाय, दुसरी बेपत्ता आहे, मग तिचंही प्रेत सापडतं, आणि दोघींचेही दात उपटलेले. गावात कॅमिलची आई अडोरा, मोठा वाडा, सावत्र वडील ॲलन आणि शाळकरी वयाची सावत्र बहीण ॲमा. मॅरियन नावाची अजून एक बहीण होती, ती लहानपणीच आजारानं गेली.

पाहावी का, तर हो, नक्की पाहा. पण दर दहा मिनिटाला धक्का पाहिजे असेल तर ही सिरीज तुमच्यासाठी नाही, तिसरा-चौथा भाग तर खरंच खूप हळू सरकतो आणि तिथं बरेच जण सोडून देतात. आणि अजून एक मनापासून सांगते, यात स्वतःला इजा करून घेण्याची दृश्यं आहेत, ती सहन होत नसतील किंवा घरात कुणी त्यातून जात असेल तर एकट्यानं रात्री पाहू नका.

आता इथून पुढं शेवट सांगणार आहे. पाहायची असेल तर इथंच थांबा आणि पाहून झाल्यावर परत या, कारण माझं खरं बोलणं पुढंच आहे.

तर ॲमाकडे एक बाहुलीघर आहे. अडोराच्या वाड्याची हुबेहूब नक्कल, तेच जिने, त्याच खोल्या, तेच पडदे. पहिल्या भागातच ते दिसतं आणि नंतर पुन्हा पुन्हा दिसत राहतं. ॲमा त्याच्याजवळ बसलेली असते, काही तरी चिकटवून राहिली असते, काही तरी बसवून राहिली असते. आणि आपण काय करतो? आपण मागं उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचं बोलणं ऐकतो. माझी सहा वर्षांची पुतणी रोज संध्याकाळी हॉलमध्ये भातुकली मांडून बसते, आम्ही सगळे तिच्या अंगावरून ये-जा करतो, तिच्या ताटात आज काय वाढलंय ते कुणी वाकून बघत नाही. मुलगी खेळून राहिली म्हटलं की आपलं लक्ष सुटतं. सिरीजवाल्यांना आपली ही सवय पक्की माहीत होती आणि त्यांनी सगळ्यात मोठा पुरावा बरोबर तिथंच ठेवला.

अडोराच्या बेडरूमची फरशी हस्तिदंताची आहे. त्या फरशीचं घरात केवढं कौतुक, एका प्रसंगात तर अडोरा डिटेक्टिव्हला घर दाखवते तेव्हा ती खोलीही दाखवते. पहिल्यांदा मी ते फक्त श्रीमंतीचा थाट म्हणून पाहिलं. हत्तीचे दात उपटून केलेली फरशी आहे बाई ती! गावात मुलींचे दात उपटले जाऊन राहिले, पोलीस दात शोधून राहिले, घरात दातांची जमीन आहे, आणि ॲमाकडे त्याच घराची नक्कल आहे जिच्यात प्रत्येक गोष्ट अगदी तशीच पाहिजे. तिन्ही गोष्टी आपल्यासमोर वेगवेगळ्या ठेवल्यात, त्या जोडायच्या तेवढ्या बाकी होत्या. शेवटी कॅमिलला बाहुलीघरात एक दात सापडतो, ती आत डोकावते, आणि अडोराच्या छोट्याशा खोलीतली छोटीशी पांढरी जमीन दिसते, मेलेल्या मुलींच्या दातांची. म्हणजे खुनी ॲमाच. मी कूलर बंद केला त्या वेळी. उकडून राहिलं होतं तरी केला, कारण ती शांतता ऐकायची होती.

शेवटच्या भागाचं नाव मिल्क आहे. अडोरा आई म्हणून मुलींना औषधाच्या नावाखाली विष पाजते, त्यामुळे नाव बरोबर बसतं. पण दुसऱ्यांदा पाहताना ते नाव वाचलं आणि मला आपला दुधाचे दात हाच शब्द आठवला, मराठीत तर ते नाव आणखीनच अंगावर येतं.

पोलिसांनी केलेली चूकही लक्षात घ्या. दात उपटायला ताकद लागते, म्हणजे पुरुष असला पाहिजे, असं धरून ते चालतात, डिटेक्टिव्ह तर डुकराच्या मुंडक्याचे दात पकडीनं ओढून बघतो. एक लहान मुलगा सांगतो की पांढऱ्या कपड्यातल्या बाईनं मुलीला नेलं, त्याचं कुणी मनावर घेत नाही. लहान मुलाचं बोलणं म्हणून सोडलं आणि लहान मुलीचा खेळ म्हणून सोडला. ॲमा घरात आईसमोर एक असते, बाहुलीसारखे फ्रॉक, रिबिनी, आणि बाहेर मैत्रिणींसोबत स्केट्सवर वेगळीच. हे पहिल्या भागातच ती स्वतः कॅमिलला दाखवते. ही मुलगी दोन चेहऱ्यांची आहे हे आपल्याला तोंडावर सांगितलंय, पण आपण त्याला वय म्हणून माफ करतो.

एक धागा मात्र मी नागपूरची असल्यामुळेच सुटला असं मला वाटते. कॅमिल भर उन्हाळ्यात काळे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. विंड गॅपमध्ये सगळे घामेजलेले, पंखे फिरून राहिले, आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत. दुसऱ्या गावच्या माणसाला ते लगेच खटकेल. पण इथं मे महिन्यात प्रत्येक बाई स्कूटीवर सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून फक्त डोळे उघडे ठेवून फिरते, त्यामुळे उन्हाळ्यात अंग झाकलेली बाई मला काही वेगळी वाटलीच नाही. पहिल्या भागाच्या शेवटी कॅमिलनं स्वतःच्याच अंगावर कोरलेले शब्द दिसले तेव्हा मी दचकली, आणि मग आधीचा तासभर आठवला.

ते शब्द तर सगळीकडे पेरलेत. प्रत्येक भागाचं नाव म्हणजे तिच्या अंगावरचा एक शब्द, पहिला व्हॅनिश. आणि फ्रेममध्येही असे शब्द क्षणभर येऊन जातात, कुठं गाडीवर, कुठं पाटीवर, दुसऱ्या शॉटमध्ये ते गायब. डोळ्यांना भास झाला असं वाटते. मी चार-पाच ठिकाणी मागं नेऊन पॉज केलं तेव्हा खात्री पटली. ॲलनही तसाच, तो सतत हेडफोन लावून रेकॉर्ड ऐकत बसतो, पहिल्यांदा तो मला साधा कंटाळवाणा नवरा वाटला. दुसऱ्यांदा त्याचा राग आला, कारण तो कान झाकूनच त्या घरात जगतोय आणि पलीकडच्या खोलीत त्याची बायको त्याच्या मुलीला आजारी पाडून राहिली आहे. या विकृतीला 1977 मध्ये रॉय मेडो या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं मुनचाउसेन सिंड्रोम बाय प्रॉक्सी हे नाव दिलं. मूल आजारी ठेवायचं आणि सेवा करणारी आई म्हणून मान मिळवायचा. मॅरियन तशीच गेली.

इथंच सिरीजची खरी हुशारी आहे. अडोरा दोषी आहेच, विष तिनंच घातलं, रक्ताळलेली पकडही तिच्याच घरात सापडते, त्यामुळे सातव्या-आठव्या भागात आपल्याला वाटते की सापडला खुनी. खोटा सुगावा दिलेला नाही, एक खरा गुन्हा दुसऱ्या खऱ्या गुन्ह्याच्या पुढं उभा केलाय. म्हणून शेवट फसवणूक वाटत नाही. हल्ली बऱ्याच सिरीजमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत कुणालाही आणून खुनी करतात, आधी त्याचं नावही घेतलेलं नसते, तसं इथं अजिबात नाही.

तक्रार आहे ती माझ्या ॲपबद्दल. ॲमा दारात येते, आईला सांगू नको म्हणते, स्क्रीन काळी होते, आणि ॲपनं लगेच क्रेडिट्स कोपऱ्यात ढकलून दुसऱ्या सिरीजची जाहिरात सुरू केली. मीही संपली समजून बंद केलं. दोन दिवसांनी ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, क्रेडिट्समध्ये दाखवलेले खून पाहिले का, आणि अगदी शेवटी झाडांमधली ती पांढऱ्या कपड्यातली? मी म्हटलं, काय? घरी येऊन परत लावलं. खून कसे झाले, मैत्रिणींनी कशी साथ दिली, आणि त्या मुलानं सांगितलेली पांढरी बाई कोण, हे सगळं त्या क्रेडिट्समध्ये आहे! दिग्दर्शकानं इतक्या जपून ठेवलेली गोष्ट ॲपनं शिक्क्याएवढी करून टाकली याचा मला अजून राग आहे. ऑटोप्ले सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा, आणि पूर्ण काळी स्क्रीन होऊन काहीच उरत नाही तोवर उठू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मधल्या संथपणासाठी कापला, खरं तर दुसऱ्यांदा पाहताना तोही द्यावासा वाटला, कारण त्या संथ भागांतच बाहुलीघर जास्त वेळ दिसते.

वहिनीनं आता सुरू केली आहे. चौथ्या भागावर आली, तिचा पूर्ण संशय मेलेल्या मुलीच्या भावावर, जॉन कीनवर आहे. रोज रात्री जेवताना विचारते, तोच ना? मी पोळी वाढते अन् काही सांगत नाही.