शून्यता शिकायची, पण सुरुवात कोणत्या ग्रंथापासून?

बौद्ध दर्शनातली शून्यता (कोणत्याही गोष्टीला स्वतंत्र, स्वयंभू अस्तित्व नसणं) आणि मध्यममार्ग ('आहे' आणि 'नाही' ही दोन्ही टोकं टाळणं) मुळातून वाचायचं ठरवलं की तीन नावं समोर येतात: नागार्जुनाची मूलमध्यमककारिका, चंद्रकीर्तीचा मध्यमकावतार आणि शांतिदेवाच्या बोधिचर्यावतारातला नववा परिच्छेद. वेळ एकालाच असेल तर माझं मत आधीच सांगतो. कारिका घ्या, पण पहिल्या पानापासून सुरू करू नका.

कारिका इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची; २७ प्रकरणं, श्लोक साडेचारशेच्या घरात. आकार लहान आहे, पण एकेका ओळीवर अडायला होतं. दुसऱ्याच प्रकरणात 'गतं न गम्यते तावत्' येतं. जी वाट चालून झाली तिच्यावर चालणं आता होत नाही, जी अजून चाललेलीच नाही तिच्यावरही नाही, आणि या दोन्ही सोडून 'चालली जाणारी' तिसरी वाट दाखवता येत नाही. पहिल्या वाचनात ही निव्वळ शब्दांची कसरत वाटते. मी इथेच दोनदा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

म्हणून २४वं प्रकरण आधी उघडा, आर्यसत्यपरीक्षा. एकूण ४० श्लोक. पहिल्या सहांत विरोधक तोच प्रश्न विचारतो जो आपल्या मनात असतो: सगळंच शून्य, तर चार आर्यसत्यांचं (दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत आणि त्या अंताचा मार्ग) काय? बुद्ध, धर्म, संघ यांचं काय? नागार्जुन हा आरोप त्याच्यावरच उलटवतो. इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे आणि त्यातच एक खड्डाही. 'स्वभाव' शब्द आपल्या तोंडात रुळलेला आहे, पण आपण तो माणसाच्या वृत्तीबद्दल वापरतो. नागार्जुनाचा स्वभाव म्हणजे जे कशाने घडलेलं नाही आणि दुसऱ्या कशावर अवलंबून नाही ते. आता 'स्वभावाला औषध नाही' ही आपली म्हण या अर्थाने वाचून पाहा. नागार्जुनाचं उत्तर जवळजवळ तेच आहे: दुःख स्वभावतःच असतं तर ते कधी थांबलंच नसतं, मग मार्गाला काय अर्थ? शून्यता आहे म्हणूनच औषध लागू पडतं. 'प्रपंच' या शब्दाचंही असंच. तिथे घरसंसार नाही, कल्पनांचा पसारा आहे.

याच प्रकरणात १८वा श्लोक आहे: जो प्रतीत्यसमुत्पाद (गोष्टी कारणांवर अवलंबून उपजणं), त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो; तीच मध्यमा प्रतिपद, म्हणजे मध्यममार्ग. आणि त्याआधी ११व्यात इशारा: शून्यता चुकीच्या पद्धतीने हाताळली तर चुकीचा धरलेला साप जसा धरणाऱ्यालाच डसतो, तसं होतं. 'काहीच नाही' असा अर्थ काढून मोकळे होणाऱ्यांसाठी हा श्लोक.

मध्यमकावतार याउलट नकाशा हातात देतो. बोधिसत्त्वाच्या, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरच्या साधकाच्या, दहा भूमींप्रमाणे (पायऱ्यांप्रमाणे) मांडणी, त्यात सहावी भूमी सगळ्यात मोठी. वस्तू स्वतःपासून, परापासून, दोन्हींपासून की कारणाशिवाय उपजते, हे चारही पर्याय ओळीने तपासले जातात. सगळं केवळ चित्तच आहे म्हणणाऱ्या विज्ञानवादाशी लांबलचक वाद होतो. आणि रथाचा दृष्टान्त येतो. रथ म्हणजे त्याचे भाग नव्हे, भागांहून वेगळाही नव्हे, भागांची नुसती रासही नव्हे, असं करत सात बाजूंनी. पद्धतशीर शिकायची सवय असलेल्यांना हाच आवडेल. अडचण अशी की हा ग्रंथ फार काळ तिबेटी भाषांतरातूनच अभ्यासला गेला, त्यामुळे संस्कृतातून वाचण्याची हौस असेल तर कारिकाच सोयीची. त्यावरची चंद्रकीर्तीचीच प्रसन्नपदा ही टीका पूर्ण संस्कृतात उपलब्ध आहे. सातव्या शतकातलं हे गद्य वादसभेतल्या बोलण्यासारखं पुढे सरकतं. टीकेशिवाय कारिका वाचणं म्हणजे गणिताची फक्त उत्तरं वाचणं.

बोधिचर्यावताराबद्दल थोडक्यात. आठव्या शतकातलं हे काव्य तिघांत सर्वांत गोड, पण नववा परिच्छेद एकटा काढून वाचू नये. दात, केस, नखं म्हणजे मी नव्हे, असं करत तो 'मी' शोधत जातो, तो भाग कोणालाही भिडेल. बाकी ठिकाणी सांख्य, नैयायिक, विज्ञानवादी असे वेगवेगळ्या दर्शनांचे विरोधक न सांगता बोलायला लागतात आणि कोण कोणाला उत्तर देतंय हेच कळेनासं होतं. प्रज्ञाकरमतीची पंजिका ही टीका जवळ असेल तरच हात घाला. आधीच्या आठ परिच्छेदांतली करुणा आणि क्षमा मनात मुरली असेल तर मात्र हाच ग्रंथ तुमचा, कारिका नंतर आली तरी चालेल.

पाली येत असेल, किंवा तर्कापेक्षा बुद्धवचनावर भरवसा जास्त असेल, तर संयुत्तनिकाय या पाली सुत्तसंग्रहातलं कच्चानगोत्तसुत्त आधी वाचा. जेमतेम पानभराचं आहे. 'सगळं आहे' हे एक टोक, 'सगळं नाही' हे दुसरं; बुद्ध दोन्ही टाळतो. नागार्जुन १५व्या प्रकरणात याच उपदेशाचा नाव घेऊन दाखला देतो. एक संध्याकाळ त्या पानाला द्या आणि दुसऱ्या दिवशी २४वं उघडा. गेलेल्या वाटेचं ते दुसरं प्रकरण महिनाभर थांबलं तरी चालेल.