साठीनंतर सकाळचा तास कशाला द्यावा? चालणं, सूर्यनमस्कार की बैठका?

गेल्या श्रावणात माहेरी सत्यनारायण झाला. आरती झाली, सगळे तीर्थप्रसादाला उठले आणि आई पाटावरच राहिली. डावा हात जमिनीला टेकवून तिने दोनदा जोर लावून पाहिला, मग चौरंगाची कड धरली. चौरंग हलला, तशी वहिनी धावली आणि तिने आईला काखेत धरून उठवलं. आईचं वय ६८. बीपीची एक गोळी सोडली तर दुखणं असं काही नाही, गुडघेसुद्धा कुरकुरत नाहीत. शिवाय पंधरा वर्षं रोज सकाळी पाऊण तास चालणारी बाई! पावसाळ्यात बाहेर जाता आलं नाही तर पार्किंगमध्ये फेऱ्या मारते, पण खाडा करत नाही.

मग कमी काय पडलं? आम्हा सगळ्यांचा समज असा, की रोज चालतो म्हणजे व्यायाम झाला. साठीच्या आसपासच्या बहुतेकांकडे सकाळचा तासभरच हातात असतो. म्हणून आमच्या घरांतून चालणाऱ्या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघते आहे.

चालण्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे आणि त्याला खर्च फक्त बुटांचा. हृदय, बीपी, साखर, झोप, मन, सगळ्यांना चालणं मानवतं. पण किती चालायचं? दहा हजार पावलांचा आकडा आला १९६० च्या दशकातल्या जपानमधून. पावलं मोजायच्या एका यंत्राचं नावच तिथे ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पावलं मोजली. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साडेसात हजारांच्या पुढे मात्र आलेख सपाट झाला. माझ्या मते आपल्या निवडीच्या दृष्टीने ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे. जो आधीच सहा-सात हजार पावलं चालतो, त्याने आणखी फेऱ्या वाढवण्यापेक्षा ती वीस मिनिटं दुसरीकडे द्यावीत.

कारण सपाटीवर चालताना गुडघा थोडाच वाकतो. अख्खं शरीर खाली नेऊन पुन्हा वर उचलायचं काम मांड्यांना करावंच लागत नाही, आणि जे काम पडत नाही ते स्नायू विसरतो. टेकडी चढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढ-उतार करणाऱ्याच्या मांड्या चढताना उचलतात आणि उतरताना ब्रेक लावतात. तुमच्या गावात चढ असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

सूर्यनमस्कार आपल्या घरचे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते संस्थानातल्या शाळाशाळांत नेले, स्वतः घातले आणि १९५१ साली ८२ वर्षांचे होऊन गेले. खांदे, पाठीचा कणा, मांडीच्या मागच्या शिरा यांना जो लवचीकपणा नमस्कार देतात तो चालण्यातून कधीच मिळत नाही. शिवाय हातांवर भार येतो आणि श्वासाला लय लागते. लहानपणापासून घालत आलेल्या माणसाने ते सोडण्याचं काहीच कारण नाही. पण पासष्टीला पहिल्यांदा सुरू करणार असाल तर जरा थांबा. हाडं ठिसूळ झाली असतील तर कण्यातून खोल पुढे वाकणं धोक्याचं. काचबिंदू असेल तर डोकं खाली नेणाऱ्या स्थिती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मनगटं दुखत असतील तर भिंतीला हात लावून किंवा खुर्ची धरून करण्याचे प्रकार आहेत, ते शिकून घ्यावेत.

आसनांमधली एक गोष्ट मात्र सगळ्यांनी उचलावी, ती म्हणजे एका पायावर उभं राहणं. ब्राझीलमधल्या क्लाउडिओ अरौजो यांच्या गटाने २०२२ मध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या साधारण पाचांतल्या एकाला दहा सेकंदही एका पायावर थांबता आलं नाही, आणि पुढच्या सातेक वर्षांत या मंडळींमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ काढू नये. तोल जाणं ही आत काहीतरी खचत असल्याची खूण आहे. पण पडणं टाळायला तोलाचा सराव नक्की उपयोगी पडतो, आणि म्हातारपणी एका पडण्याने घराचं काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ओट्याची कड जवळ ठेवून, आधी दोन बोटं टेकवून, सराव करावा.

आता बैठका, डंबेल, रबरी पट्टे. आपल्याकडे याला ‘तरुण पोरांचं काम’ म्हणतात आणि बायका तर लांबच राहतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ज्याची सगळ्यात जास्त गरज तेच आपण टाळतो. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि साठीनंतर घट वेग घेते. बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करवून घेतला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीत! मग ६८ म्हणजे काहीच नाही.

तुम्ही कुठे आहात हे बघायला अर्धं मिनिट पुरतं. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता-उठता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात बाईला ११ आणि पुरुषाला १२ यायला हवेत. त्याखाली आलं तर ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात. आईला पहिल्या दिवशी सात आले. सातव्यानंतर ती बसली ती बसलीच, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की पंधरा वर्षांचं चालणं फुकट गेलं. ते फुकट गेलेलं नव्हतं. तिचं हृदय त्या चालण्यावरच उभं आहे.

या व्यायामाच्या अडचणीही आहेत. चुकीच्या पद्धतीने केला तर कंबर धरते, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस फिजिओथेरपिस्टकडून शिकावं. जोर लावताना श्वास रोखला तर बीपी उसळतं. उठताना श्वास सोडायचा. रोज करायचा नसतो, स्नायूला मधे एक दिवस विश्रांती लागते. आणि सोबत मिळत नाही. बागेतल्या बाकावरच्या मैत्रिणी हा चालण्याचा मोठा फायदा आहे, तो मी कमी लेखत नाही.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा सांगते. म्हणजे एकच निवडायचं हा प्रश्नच चुकीचा. कशातून काढून कशाला द्यायचं, हे ठरवायचं. काहीच करत नसाल तर चालण्यापासून सुरू करा. रोज चालता, पण जमिनीवरून उठताना हात शोधता, तर चालणं निम्मं करून बैठकांना जागा द्या. नमस्कार घालत असाल तर ते चालू ठेवून दोन दिवस वजन आणि रोज थोडं चालणं जोडा. मागच्या वर्षभरात पडला असाल तर आधी तोल, तोही कुणाच्या तरी देखरेखीखाली.

वेळेचंही थोडं. ब्राह्ममुहूर्तासाठी झोप तोडू नये. डिसेंबर-जानेवारीत शहरात पहाटेची हवा खाली साचलेली असते, तेव्हा उन्हं वर आल्यावर निघावं. साखरेचा त्रास असेल तर सकाळच्या तासातली पंधरा मिनिटं जेवणानंतर चालण्यासाठी राखावीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी व्यायाम करावा की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. लिंबू-मधाच्या गरम पाण्याला मी यात धरलेलं नाही. नाश्ता मात्र धरते. चहा-खारीवर स्नायू बांधला जात नाही. अंडं, मुगाचं धिरडं, वाटीभर दही यांतलं काहीतरी हवं.

आईचं आता असं ठरलंय: सोमवार, बुधवार, शुक्रवार पंचवीस मिनिटं चालणं, मग खुर्चीच्या उठाबशा आणि दोन-दोन किलोचे डंबेल. बाकीचे दिवस मैत्रिणींबरोबर पूर्ण फेरी. ओट्याशी एका पायावर उभं राहणं रोज, चहा उकळेपर्यंत. खुर्चीचे आता अकरा येतात. परवा संकष्टीला अथर्वशीर्ष म्हणून उठली, तेव्हा एक हात जमिनीला टेकावा लागला, पण चौरंग धरला नाही.