गंजलेली जुनी गाडी: पुट्टी, फायबर, वेल्डिंग की दुसरा पत्रा?

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा कित्येक सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. इंजिन, वायरिंग, सीट यांवर लोकांनी तेव्हाच खर्च केला. पत्रा वरून ठीक दिसत होता, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. गंज आतून बाहेर येतो. दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीवर रंगाला फोड दिसतो, तोवर मागचा पत्रा बराच खाल्लेला असतो. गाडी दहा-पंधरा वर्षांची, हातात पैसे मोजके आणि तीन गॅरेजवाले तीन भाव सांगतायत, अशा माणसासाठी हे लिहितोय.

भाव विचारायला जाण्याआधी गंज कुठे आहे ते स्वतः बघा. पुढचे फेंडर, बोनेट, दारं, डिकीचं झाकण हे भाग नट-बोल्टने सुटतात, गाडीचा भार त्यांच्यावर नसतो. तिथे स्वस्त उपाय चालतो. दाराखालचा रनिंग बोर्ड, फ्लोअर, पिलर आणि सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग यांची गोष्ट वेगळी आहे. आपल्या छोट्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते, हा पत्राच गाडीचा सांगाडा असतो. टक्कर झाली तर माणसं वाचतात ती त्याच्या जोरावर. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

तपासायला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरे. रनिंग बोर्डच्या खालून त्याच्या मुठीने ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोक दाबा. पापुद्रे सुटून टोक आत गेलं, तर तो भाग कापूनच काढावा लागणार. मग पुढच्या सीटसमोरची चटई उचला आणि तिच्याखालचा फेल्ट मुठीत पिळा. पुरात भिजलेल्या गाडीचा फेल्ट वरून कोरडा लागला तरी खाली महिनोन्महिने ओल धरून ठेवतो आणि फ्लोअर तिथूनच जातो. फेल्ट ओला निघाला तर बाहेर काढून उन्हात टाका. हे काम फुकट आहे आणि बाकी सगळ्या कामांच्या आधीचं आहे.

पुट्टीचा भाव सगळ्यात कमी असतो आणि गाडीही लगेच परत मिळते. पार्किंगमध्ये खांबाला घासून फेंडर चेपला, खाली धातू शाबूत आहे, अशा जागी हा उपाय अगदी योग्य. फक्त डेंटरने आधी पत्रा ठोकून, ओढून शक्य तितका मूळ आकारात आणला पाहिजे आणि पुट्टीचा थर 3 मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. खड्डा तसाच ठेवून जाड थर भरला, तर उन्हात तापून आणि खड्ड्यांत आदळून तो तडकतो. काम झाल्यावर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या जागेवरून फिरवा. बाजूच्या पत्र्यावर ते घट्ट धरतं. दुरुस्तीच्या जागी गळून पडलं, तर खाली पुट्टीचा डोंगर आहे असं समजा. जुनी गाडी विकत घेतानाही हीच परीक्षा करावी.

गंजावर मात्र थेट पुट्टी लावू देऊ नका. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते. मागे भोक असेल तर पावसाळ्यात ती मागून पाणी पिते आणि फोड पुन्हा वर येतात. गंज नुसता वरचा असेल, तर पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासायचा, खड्ड्यांत अडकलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर लावायचा, तो काळा पडला की उरलेलं आम्ल धुऊन पूर्ण वाळू द्यायचं आणि मग इपॉक्सी प्रायमर. पुट्टी त्यानंतर. आम्ल तसंच राहिलं तर प्रायमर धरत नाही. एवढं काम घरच्या अंगणातही जमतं, हातमोजे आणि चष्मा मात्र हवा.

पत्र्याला भोकच पडलं असेल, तर निवड फायबर आणि वेल्डिंग यांत आहे.

फायबर म्हणजे काचतंतूंची मॅट आणि ती चिकटवणारं रेझिन. यात आग नाही, उष्णता नाही, आजूबाजूचा रंग जळत नाही आणि खर्च पुट्टीपेक्षा थोडाच जास्त. डिकीत स्टेपनी ठेवायच्या खड्ड्याला किंवा दाराच्या खालच्या कडेला पडलेलं छोटं भोक असेल आणि गाडी अजून दोन-तीन वर्षंच वापरायची असेल, तर मी फायबरच सुचवीन. त्याचं आयुष्य कडा किती साफ केल्यात त्यावर ठरतं. भोकाभोवती शाबूत धातू उघडा करून त्यावर मॅट बसवली तर टिकते. गंजावरच चिकटवली तर मागे गंज पसरत राहतो आणि ठिगळाची कड उठते. रनिंग बोर्ड आणि फ्लोअरला फायबर मुळीच नको. भोक झाकलं जातं, ताकद परत येत नाही.

वेल्डिंगमध्ये पुन्हा दोन प्रकार आहेत आणि भावातला फरक मुख्यतः त्यातूनच येतो. गॅस वेल्डिंग स्वस्त, पण त्याची उष्णता लांबवर पसरते. गाडीचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, तो वाकडा होतो आणि आतल्या बाजूचा रंग जळून जातो. सीओटू वेल्डिंगमध्ये उष्णता एका जागी राहते. चांगला कारागीर सलग रेघ ओढत नाही. दूरदूर टाके घालतो, ते थंड होऊ देतो, मग मधली जागा भरत जातो. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक भागात अशी मशीनं चालवणाऱ्या हातांची कमतरता नाही, पण गाडीच्या पत्र्याचं काम केलेलाच माणूस शोधा. गेट-ग्रिल करणाऱ्याच्या हाताला जाड लोखंडाची सवय असते, तो पातळ पत्र्याला भोकं पाडतो.

मिस्त्रीला दोन प्रश्न विचारा. गंजलेला पत्रा कापून काढणार की त्याच्यावरच नवा पत्रा चढवणार? आणि वेल्डिंग झाल्यावर आतल्या बाजूला काय लावणार? दुसऱ्या प्रश्नाला नुसतं ‘थई जशे’ (होऊन जाईल) असं उत्तर आलं, तर गाडी तिथे देऊ नका. वेल्डिंगची जागा आतून उघडी राहिली, तर नवा पत्रा जुन्याच्याही आधी गंजतो. बाहेरून प्रायमर आणि सीलर, आतल्या पोकळीत मेण किंवा घट्ट अँटी-रस्ट ऑइल, एवढं ठरवून घ्या. काम सुरू होण्याआधी बॅटरी सोडलेली, फेल्ट आणि चटई बाहेर काढलेली आणि जवळ पाण्याची बादली किंवा आग विझवायचा सिलिंडर असायला हवा.

फेंडर किंवा दार खालून पार सडलं असेल, तर ठिगळांपेक्षा दुसरा पत्राच स्वस्त पडतो. जुन्या, खूप विकल्या गेलेल्या मॉडेलचा फेंडर नवा मिळाला तर नवाच घ्या, बसवायला वेळही लागत नाही. दार मात्र भंगारवाल्याकडचं बघा. ते घेताना खालची कड आतून बोट फिरवून तपासा आणि तिथली पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते पाहा. आपल्याच रंगाचं दार मिळालं तर रंगाचाही खर्च वाचतो.

रंगात एनसी (नायट्रोसेल्युलोज) स्वस्त, लवकर वाळतो, पण त्याची चमक लवकर जाते. पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा) महाग आणि टिकाऊ. एका दारासाठी पीयूच घ्यावा, बाकीच्या गाडीशी तो जास्त दिवस जुळून राहतो. पीयूचा हार्डनर फुप्फुसांना घातक असतो, त्यामुळे तो घरी स्प्रे करायचा विचार सोडा. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने एनसीवर पांढुरकी झाक येते, मेच्या कडक उन्हात रंग बसण्याआधीच वाळतो. दिवाळी ते होळी हा आपल्याकडे रंगकामाचा खरा काळ.

विम्याच्या हिशेबात बहुतेक जण चुकतात. गंज ही झीज, तिला विमा काहीच देत नाही. अपघाताच्या नुकसानीला देतो, पण दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतो. रंगाच्या एकत्रित (सामान अधिक मजुरी) बिलात 25 टक्के सामान धरून त्याचे निम्मे कापतो आणि 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला वर 1000 रुपये तुमच्या खिशातून जातात. समजा फेंडर 3000, रंग 4000, फेंडर बसवायची मजुरी 1000. मिळतील 1500, 3500 आणि 1000, त्यातून हजार वजा, म्हणजे 5000 रुपये. पण तुमचा 50 टक्के नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो आणि तो 0, 20, 25, 35, 45 असा चढत परत यायला वेळ लागतो. या पाच नूतनीकरणांत तुम्ही स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) एका वर्षाच्या, बोनस वजा करण्याआधीच्या प्रीमियमच्या सव्वापट रक्कम जास्त भरता. तो प्रीमियम 3000 असेल तर 3750 रुपये. क्लेमचा खरा फायदा उरला साडेबाराशे. वर्षभरात नवी गाडी घ्यायचा विचार असेल, तर क्लेम अजिबात करू नका. हा बोनस नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो आणि तिथे प्रीमियम मोठा असतो.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणाचाही विचार करा. ही फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली आणि त्याआधी फिटनेस तपासणी असते. दोन्ही रनिंग बोर्ड आणि फ्लोअर गेले असतील, तर वेल्डिंग, रंग आणि नूतनीकरण मिळून खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर सहज जातो. अशा गाडीवर मी पैसे घालणार नाही. ती सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. रनिंग बोर्ड खणखणीत वाजत असतील आणि फक्त दारं-फेंडर सडले असतील, तर मात्र गाडी बिनधास्त दुरुस्त करून घ्या.