एटीव्हीचं प्लॅस्टिक घरी रंगवलं: आठ महिन्यांनंतर

डिसेंबरात माझी एटीव्ही (किनाऱ्यावर फिरवतात ती जाड चाकांची उघडी गाडी) स्प्रे रंगाने काळी केली आणि त्या रंगाला पाच तारे दिले होते. जुलैत सगळे काढून घेतले. आता तीन परत देतोय, तेही कुरकुरत.

झालं असं की भर पावसात वाडीतून नारळाची पोती आणत होतो. मागच्या मडगार्डावर पोतं घासलं आणि तळहाताएवढा काळा रंग दुधावरची साय निघावी तसा सलग निघून पोत्याला चिकटला. खाली चकचकीत लाल प्लॅस्टिक. भाचा मागे बसला होता. म्हणाला, "मामा, गाडी कात टाकतेय."

गाडी चिनी, ११० सीसी, सेकंडहँड. आधी नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची. रजिस्ट्रेशन नाही, त्यामुळे रस्त्याचा प्रश्नच नाही, आमच्या वाडीतल्या वाडीत चालते. आधीच्या मालकाने लांबून दिसावी म्हणून ती पोपटी रंगवली होती आणि त्या पोपटीची सालपटं निघत होती. पेंटरने सगळ्या पॅनेलचे साडेसहा हजार सांगितले. एवढ्यात मी कुंपणाची एक बाजू करून घेतो. म्हटलं, चार डबे आणू आणि घरीच उरकू.

पोपटी काढायला लिटरभर थिनर आणलं. मडगार्डावर चिंधीने लावलं की रंग फुगायचा आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडला की निघायचा. खालच्या प्लॅस्टिकला ढिम्म काही होत नव्हतं. मी खूश. त्याच खुशीत हेडलाइटच्या कव्हरला तेच थिनर लावलं, तर ते गुळासारखं चिकट झालं. माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर उमटला, तो आजही आहे. एकाच गाडीची दोन प्लॅस्टिकं, एक थिनरला भीक घालत नाही आणि दुसरं विरघळतं. इथेच थांबून विचार करायला हवा होता. मी कव्हर उन्हात वाळवलं आणि पुढे गेलो.

आता डब्याच्या नोझलबद्दल. हे मला सविस्तर बोलायचं आहे, कारण २८० रुपयांच्या डब्यात २० रुपयांचं तरी नोझल असावं ही माझी अपेक्षा अवास्तव नाही. पहिले दोन हात सुरेख बसतात. तिसऱ्या हाताला नोझल थुंकायला लागतं. फवारा नाही, थेंब. ओल्या काळ्या रंगावर मोहरीएवढे टिपके. ते वाळू द्या, आठशेच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासा, पुन्हा मारा, पुन्हा थुंकी. मी डबा कोमट पाण्यात ठेवून पाहिला (कोमटच, गॅसवर नाही, डबा फुटेल). दाब वाढतो आणि फवारा थोडा बारीक येतो. काम झालं की डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा, म्हणजे नोझलमध्ये रंग सुकत नाही. हे डब्यावर लिहिलेलं आहे, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरात. शेवटी मी घरातल्या गंज काढायच्या स्प्रेचं नोझल थिनरने धुऊन बसवलं. ते बसलं आणि मूळच्यापेक्षा चांगलं चाललं. एक तारा इथेच कापलाय, तो मिळणार नाही.

पण जुलैतलं सालपट नोझलमुळे निघालं नव्हतं, हे मला नंतर मान्य करावं लागलं. मडगार्ड उतरवून उलटा केला, चिखल धुतला, तेव्हा आतल्या बाजूला बाणांच्या मध्ये 'पीपी' अशी अक्षरं सापडली. पॉलिप्रॉपिलीन. हेडलाइटच्या कव्हरवर 'एबीएस', म्हणजे वेगळंच प्लॅस्टिक. खात्रीसाठी दोन्हींचे तुटके तुकडे बादलीत टाकले: पीपी तरंगलं, एबीएस बुडालं. घरातले डबे, टब बहुतेक याच पीपीचे असतात आणि त्यांच्यावर साधं स्टिकरही धड टिकत नाही. थिनर ज्याला चावत नाही त्याला रंग तरी कसा धरणार! रंग बिचारा निर्दोष होता. म्हणून तीन तारे परत.

दुसऱ्या फेरीत मागच्या दोन मडगार्डांवरचा काळा रंग नखानेच निघाला, एवढं एक सुख. पीपी कोरडं घासलं तर त्यावर बारीक केस उठतात, म्हणून पाण्यातच घासायचं, आधी ३२०, मग ६००. नंतर भांड्यांचा साबण, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्यानंतर हात लावायचा नाही. मग अधेशन प्रमोटर, म्हणजे अशा प्लॅस्टिकवर रंगाला पकड देणारा स्प्रे. एक डबा ११५० रुपये, तोही ऑनलाइन मागवून, कारण अलिबागच्या दुकानदाराने प्रायमर पुढे केला आणि हेच ते म्हणून सांगितलं. हेच ते नव्हे. प्रमोटर पाण्यासारखा पातळ असतो, दोन हलके हात मारायचे, घासायचा नाही आणि डब्यावर दिलेल्या वेळेत वरचा रंग मारायचाच. कारखान्यात गाड्यांच्या बंपरवर ज्योत फिरवूनही हेच साधतात. मी ते केलं नाही, मडगार्ड वितळला तर दुसरा आणायला चीन गाठावं लागेल.

श्रावणात उघडीप बघून हे केलं, तरी दमट हवेने क्लिअरवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) दुधाळ झाक आली. ती दिवाळीपर्यंत ऊन पडल्यावर घासून काढीन. पकड मात्र आहे. त्याच मडगार्डावर तशीच पोती घासून महिना झाला, ओरखडे आहेत, सालपट नाही. फक्त पेट्रोलच्या झाकणापाशी सांडलेल्या थेंबांनी क्लिअर सुरकुतला. हार्डनरवालं क्लिअर टिकलं असतं, पण ते विषारी, त्याला नीट मास्क लागतो आणि मास्कचे पैसे मला टोचले. तिथे सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय.

आता गंमत. पुढच्या मडगार्डापर्यंत प्रमोटर पुरला नाही. दुसरा डबा मागवायला हात धजेना, म्हणून तो नुसताच खरवडला, दोन हजारच्या पेपरपर्यंत घासला. लाल पण पांढुरका, जुन्या खुर्चीसारखा. वायरमन मोटरचं काम करायला आला होता, त्याच्याकडे हीट गन होती. पाच मिनिटांसाठी मागितली, लांबून फिरवत राहिलो. पांढुरकेपणा डोळ्यांदेखत वितळत गेला आणि खालून गर्द लाल वर आला. या मडगार्डांना कंपनीने रंग लावलेलाच नव्हता, प्लॅस्टिकच आरपार लाल आहे. ओरखडा पडला तरी खाली पुन्हा लालच.

दोन फेऱ्यांचे मिळून माझे चार हजार गेले आणि गाडीतला सगळ्यात देखणा भाग चहा-बिस्किटात झाला. सौ. म्हणते, मागचेही तसेच कर. पण प्रमोटर इतका घट्ट बसलाय की आता तो काळा रंग निघत नाही.