स्टेशनबाहेरची पेठ: किट घ्यावं की हातानं उभारावी?

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीलगत मॉडेल रेल्वेसाठी चार बाय दोन फुटांचा प्लाय आहे. त्यावर रूळ बसले, गाडी धावू लागली, मग स्टेशनबाहेरचा बाजार हवासा वाटला. तुमचंही इथपर्यंत आलं असेल, तर पुढचा प्रश्न ठरलेला: इमारतींची परदेशी प्लास्टिक किट मागवायची की सनबोर्ड (फोमसारखा हलका प्लास्टिकचा बोर्ड) आणून दुकानं स्वतः कापायची? मी दोन्ही केलं आहे. माझं मत आधीच सांगतो. पुढची रांग हातची करा, किट मागे ठेवा.

त्याआधी स्केल, म्हणजे खऱ्याच्या कितव्या हिश्श्याचं मॉडेल. एचओ (१:८७) मध्ये नेहमी मिळणारं लहान वळण साधारण ३६० मिमी त्रिज्येचं असतं, म्हणजे दोन फूट रुंदीत पूर्ण फेरा बसत नाही. एन (१:१६०) मध्ये सहज बसतो. तरीही मी एचओ घेतलं आणि भिंतीलगत सरळ ये-जा करणारी लाइन टाकली. कारण पाट्या. दोन फूट उंचीची दुकानाची पाटी एचओत ७ मिमी होते, एनमध्ये ४ मिमीसुद्धा भरत नाही. तेवढ्यात देवनागरीच्या मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. गाडी गोल फिरताना पाहायची असेल तर एन घ्या. बाजार वाचता यायला हवा असेल तर एचओ.

आता किट. अमेरिकन वॉल्दर्स किंवा जर्मन फालर या कंपन्यांच्या किटमधली खिडकी हातानं कापून तितकी नेटकी होत नाही, हे मान्यच करायला हवं. विटांचे थर रेखीव असतात, कोपरे काटकोनात येतात, दोन संध्याकाळी इमारत उभी राहते, पावसाळ्यात प्लास्टिकला काही होत नाही. खर्च मात्र पोस्टेज आणि कस्टम धरून मोजा.

अडचण वेगळीच आहे. अमेरिकेतली बरीच छोटी गावं रूळ पडल्यावर आखली गेली. रुंद सरळ रस्ता, दोन्हीकडे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या इमारती. तिथली किट त्या रस्त्यासाठीच बनलेली असतात आणि तिथे ती शोभतातही. ठाण्याचं उलट आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, तेव्हा गाव कधीचं वसलेलं होतं. म्हणून जांभळी नाक्याच्या आतल्या गल्ल्या एका रेषेत नाहीत. वळणावरचं दुकान तिरकं, कोपऱ्यावरची इमारत पाचरीसारखी. काटकोनी किट तिथे बसवलं की मध्ये त्रिकोणी फट राहते. आणि वाकडी गल्ली छोट्या पाटावर फार उपयोगी पडते: रस्ता वळून दिसेनासा झाला की पाट कुठे संपतो ते कळत नाही.

हातच्या कामाला ३ मिमी सनबोर्ड घ्या. एचओत ती जाडी साधारण २६ सेंमी होते, जुन्या घरांच्या जाड विटांच्या भिंतीइतकी, त्यामुळे खिडक्या आपोआप खोल दिसतात. एनमध्ये हीच भिंत जवळजवळ अर्धा मीटर जाड होईल, तिथे माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा) बरा. पण त्याला दोन्ही बाजूंनी प्रायमर मारा. माझी पहिली तीन दुकानं मी फक्त समोरून रंगवली होती. जुलैत ती धनुष्यासारखी वाकली. सनबोर्ड दमट हवेत वाकत नाही, पण पांढऱ्या भिंतीतून आतल्या एलईडीचा उजेड झिरपतो. आतून काळा रंग द्यायचा, मग उजेड फक्त दारातून रस्त्यावर पडतो. एलईडी आणि रेझिस्टन्स मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटे मिळतात. पाट्या लेझर प्रिंटवर काढा, इंकजेटची शाई ओल्या हातानं पसरते.

खरा बाजार मात्र भिंतींनी होत नाही. दुकानापुढचा ओटा, अर्धवट वर गेलेलं शटर, निळी ताडपत्री, गच्चीवरची काळी टाकी, पहिल्या मजल्यावर क्लासची पाटी, जिन्याखाली शिलाई मशीन, कडेला रिक्षांची रांग. यातलं जवळजवळ काहीच परदेशी किटच्या खोक्यात येत नाही. हे करायला मला एका दुकानामागे आठ-दहा संध्याकाळी लागतात, आणि त्या संध्याकाळी मला गाडी चालवण्यापेक्षाही आवडतात.

वेळ कमी असेल तर एकच किट घ्या आणि त्याची समोरची व मागची भिंत वेगवेगळी लावा. हॉलच्या भिंतीला टेकून तीन-चार सेंमी खोलीच्या दोन इमारती होतात. खिडक्यांना गज आणि रंग आपल्याकडचा दिला की मागच्या रांगेत त्या खपून जातात.

सुरुवात कोपऱ्यावरच्या पाचरीसारख्या दुकानानं करा. सकाळी दुकानं उघडायच्या आत पेठेत जा, दुकानदार आले की विचारून एका शटरची रुंदी टेपनं मोजा आणि फोटो अगदी समोरून काढा. आठ फुटी शटर एचओत २८ मिमी होतं. तो आकडा हाती आला की बाकीची मापं फोटोवरून पट्टीनं काढता येतात.